मड टायर घेताना रबराचा मऊपणा कसा जोखावा आणि पैसे नेमके कशाचे मोजावेत

पहिल्यांदा मड टायर, म्हणजे चिखल-दगडांच्या वाटांसाठीचा मोठ्या ठोकळ्यांचा टायर, घेणारा माणूस हमखास दोन गोष्टी करतो. रबराच्या वर आलेल्या ठोकळ्यावर अंगठा दाबतो आणि दोन ठोकळ्यांमधल्या खाचेत बोट घालून खोली बघतो. दुसरी गोष्ट खरोखर उपयोगाची आहे. पहिलीतून मात्र, नुसता अंगठाच दाबला तर, फारसं काही हाती लागत नाही. टायर विकणारा म्हणतो ‘एकदम मऊ कंपाउंड आहे, चिकटून चालेल’, आपण दाबून बघतो, काहीतरी दबल्यासारखं वाटतं आणि आपण मान डोलावतो. दबलं ते नेमकं काय, हे विचारायचं राहूनच जातं.

मऊ रबराला पकड जास्त आणि आयुष्य कमी, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण ती पकड कुठल्या जमिनीवर मिळते आणि कमी झालेल्या आयुष्याचा फटका कोणाला बसतो, हे सांगणारे कमी भेटतात. चार टायरचे पैसे एकदम जातात, म्हणून हे सगळं दुकानात जायच्या आधी नीट समजून घेतलेलं बरं.

आधी तीन मऊपणा वेगळे करा

‘टायर मऊ आहे’ या एका वाक्यात लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी बोलत असतात.

पहिला मऊपणा रबराचा, म्हणजे त्या मिश्रणाचा, ज्याला सगळे कंपाउंड म्हणतात. ट्रेडच्या, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागाच्या, कंपाउंडमध्ये नैसर्गिक रबर असतं, एक-दोन प्रकारचं कृत्रिम रबर असतं, ताकदीसाठी काजळी म्हणजे कार्बन ब्लॅक किंवा सिलिका असते, तेल असतं, आणि रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधायला गंधक असतं. तेल वाढवलं की रबर मऊ होतं. काजळी आणि गंधक वाढवलं की कडक होतं. नैसर्गिक रबराचा एक मोठा गुण असा की ताणलं की ते फाटायला जोरदार विरोध करतं. म्हणून दगडधोंड्यांत चालणाऱ्या टायरमध्ये त्याचं प्रमाण बऱ्याचदा जास्त ठेवतात. सिलिका ओल्या जागी पकड द्यायला मदत करते.

दुसरा मऊपणा ठोकळ्याचा. मड टायरचे ठोकळे उंच असतात आणि एकमेकांपासून लांब असतात. उंच, अरुंद ठोकळ्याला अंगठ्याने बाजूने रेटलं तर तो वाकतो, मग रबर कितीही कडक असो. त्यावर बारीक काप दिलेले असतील तर अजूनच सहज वाकतो. दुकानात अंगठ्याला जाणवतो तो बहुतेक वेळा हाच मऊपणा, आणि तो रबराबद्दल काहीच सांगत नाही.

तिसरा मऊपणा कुशीचा, म्हणजे साइडवॉलचा. टायर किती थरांचा आहे, त्याची बांधणी किती जड आहे, यावर हवा कमी केल्यावर तो किती पसरेल हे ठरतं. चिखलात आणि वाळूत या तिसऱ्या मऊपणाचं काम मोठं असतं. गाडी हलकी आणि टायर जड ट्रकछाप बांधणीचा असेल, तर हवा कमी करूनही तो हट्टाने गोल राहतो. ट्रेडचं रबर लोण्यासारखं असलं तरी त्याचा उपयोग होत नाही, कारण जमिनीला टेकणारा भागच वाढत नाही.

हे तीन वेगळे करता आले की विकणाऱ्याला नेमका प्रश्न विचारता येतो. ‘मऊ आहे’ म्हटल्यावर ‘काय मऊ आहे, ट्रेड की साइडवॉल?’ एवढं विचारलं तरी समोरच्याच्या उत्तरावरून त्याला किती कळतं ते समजतं.

मग तुमची जमीन ठरवा

माझं स्पष्ट मत आहे की निव्वळ चिखलासाठी मऊ रबराला जास्त पैसे मोजू नयेत.

चिखलात टायर रबराच्या चिकटपणावर चालत नाही. ठोकळे चिखलात रुततात, चिखलाची ढेकळं खाचांमध्ये पकडतात आणि त्यांना मागे ढकलून गाडी पुढे जाते. होडीच्या वल्ह्यासारखंच ते. वल्हं मऊ असून काय उपयोग? ठोकळा जरा ताठ हवा, त्याची कड धारदार हवी, आणि दोन ठोकळ्यांमधली खाच बाहेरच्या बाजूला रुंद होत गेलेली हवी, म्हणजे चाक फिरताना अडकलेला चिखल बाहेर फेकला जाईल. खाच एकदा चिखलाने लिंपली गेली की कितीही महागाचा टायर गोटा झाल्यासारखाच वागतो. म्हणून चिखलासाठी टायर बघताना खाचांच्या तळाशी दगड आणि माती बाहेर ढकलणारे छोटे उंचवटे आहेत का, खांद्यावरचे, म्हणजे ट्रेडच्या बाहेरच्या कडेचे, ठोकळे साइडवॉलवर थोडे खाली उतरले आहेत का, हे बघा. अंगठा नंतर दाबा.

मऊ रबर खरी कमाल दाखवतं ती खडकावर, झाडांच्या ओल्या मुळांवर आणि ओल्या डांबरावर. तिथे रुतायला काही नसतं. रबराला दगडाच्या बारीकसारीक खडबडीत जाऊन बसावं लागतं आणि तिथून सावकाश बाहेर यावं लागतं. कडक रबर नुसतं उंचवट्यांच्या टोकांवर टेकून राहतं आणि घसरतं. खडकांवर चढण्याच्या स्पर्धेतले लोक ज्याला स्टिकी म्हणतात ते कंपाउंड याचसाठी असतं. पण तेच रबर धारदार दगडावर चाक फिरवलं की तुकड्या-तुकड्यांनी निघतं, आणि डांबरावर रोज चालवलं तर बघता बघता झिजतं.

मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींच्या, टायरचं एक उदाहरण इथे सांगतो, कारण नवखे लोक त्यात नेहमी फसतात. त्या टायरवर ‘सॉफ्ट टेरेन’ किंवा ‘हार्ड टेरेन’ असं लिहिलेलं असतं. ते जमिनीबद्दल असतं, रबराबद्दल नाही. सॉफ्ट टेरेन म्हणजे मऊ जमिनीसाठीचा टायर. त्याचे ठोकळे लांब लांब असतात आणि साधारणपणे ताठ असतात. हार्ड टेरेनचा टायर कडक जमिनीसाठी असतो, ठोकळे जवळजवळ असतात आणि रबर बहुधा जास्त मऊ असतं. ज्याला मऊ रबर हवं तो ‘सॉफ्ट’ वाचून नेमकं उलटं उचलतो. एकदा हे डोक्यात बसलं की गाडीच्या टायरचंही गणित सुटतं: जमीन जितकी मऊ, तितकं रबराच्या मऊपणाचं महत्त्व कमी.

तेव्हा एका कागदावर गेल्या वर्षभरातले किलोमीटर लिहा. डांबर किती, कच्चा रस्ता किती, चिखल किती, खडक किती. मनाशी ठरवलेल्या सहली नकोत, झालेलेच लिहा. दहातले नऊ किलोमीटर डांबरावर निघाले तर ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या, टायरचा विचार आधी करा. मड टायर आवाज करतो, जड असतो, इंधन जास्त पितो, आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारताना त्याचे मोकळे मोकळे ठोकळे कमी जागेवर टेकलेले असतात.

नख, गेज आणि गोळी

आता प्रत्यक्ष रबर तपासायचं. टायर सावलीत असू द्या. उन्हात तापलेलं काळं रबर मऊ लागतं, गार खोलीतलं कडक लागतं. दोन टायरची तुलना करायची तर दोघेही तासभर एकाच जागी, एकाच तापमानात पडलेले हवेत.

सगळ्यात सोपी परीक्षा नखाची. ठोकळ्याच्या कडेला हात लावू नका. टायरवरचा सगळ्यात मोठा ठोकळा निवडा आणि त्याच्या मधोमध अंगठ्याचं नख उभं रोवा. मनात दोन आकडे मोजा आणि काढा. नख जरा आत शिरलं आणि काढल्यावर खूण हळूहळू भरून आली, तर रबरात जीव आहे. नख शिरलंच नाही, नुसतं घसरलं आणि पांढरट ओरखडा राहिला, तर रबर एकतर मुळात कडक आहे किंवा वयाने कडक झालं आहे. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर असतो, काही दुकानांत वरून चमक आणणारं पॉलिश मारलेलं असतं. जागा कोरड्या फडक्याने पुसून घेतल्याशिवाय नख लावू नका.

नखापेक्षा पक्की परीक्षा ड्युरोमीटरची. हे मुठीत मावणारं गेज असतं, टायरसाठी ‘शोर ए’ प्रकारचं घ्यायचं. अल्बर्ट शोर यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. खाली स्प्रिंगवर बसवलेली अडीच मिलिमीटरची बोथट सुई असते. रबर जितकं मऊ तितकी सुई आत जाते आणि आकडा खाली येतो. सुई पूर्ण आत गेली तर ०, अजिबात गेली नाही तर १००. अंदाजासाठी सांगायचं तर पेन्सिलचं खोडरबर साधारण ४० च्या आसपास, बुटाची टाच ८० च्या आसपास. रस्त्यावरच्या बहुतेक टायरचा ट्रेड ६० ते ७० मध्ये येतो, रोजच्या वापराचे मड टायरही याच पट्ट्यात असतात. स्पर्धेचं चिकट रबर त्याच्या बरंच खाली, ५० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतं.

गेज वापरताना तीन ठिकाणी हात चुकतो. एक, कडेजवळ टेकवणं. प्रयोगशाळेत कडेपासून १२ मिलिमीटर आत आणि किमान ६ मिलिमीटर जाडीच्या रबरावर मोजायची पद्धत आहे. ठोकळ्याच्या कडेला किंवा कापाजवळ मोजलं तर रबर बाजूला सरकतं आणि आकडा खोटा कमी येतो. दोन, झिजलेल्या टायरवर मोजणं. खाली थोडंच रबर उरलं असेल तर सुईला आतल्या पोलादी पट्ट्याचा आधार लागतो आणि आकडा खोटा जास्त येतो. तीन, वेळ. सुई टेकवल्यावर आकडा हळूहळू खाली सरकतो. टेकवल्यावर एका सेकंदात वाचायचं ठरवलं तर प्रत्येक वेळी एका सेकंदातच वाचा.

पाच वेगवेगळ्या ठोकळ्यांवर पाच आकडे घ्या, चढत्या क्रमाने लिहा आणि मधला धरा. ६४ आणि ६५ मध्ये फरक शोधत बसू नका. स्वस्त गेजमध्ये तेवढी चूक असतेच. एकाच गेजने, एकाच दिवशी, शेजारी शेजारी मोजलेल्या दोन टायरमध्ये पाच-सहा आकड्यांचा फरक आला तर तो खरा मानायला हरकत नाही. दुसऱ्याच्या गेजवरच्या आकड्याशी आपला आकडा लावू नका.

पण गेजलाही एक गोष्ट दिसत नाही. समजा दोन टायर, दोन्ही ६२. एक चेंडूसारखा उसळणारा आणि दुसरा मेणासारखा, दाबलेला दबूनच राहणारा. खडकावर हा दुसराच चांगला, कारण दगडात शिरलेलं रबर झटकन उसळून बाहेर येत नाही, घसरण्याला आतून अडवत राहतं. हे बघायला बेअरिंगमधली एक छोटी पोलादी गोळी पुरते. टायर उभा करा, सगळ्यात वरच्या मोठ्या ठोकळ्याच्या मधोमध वीतभर उंचीवरून गोळी सोडा आणि किती उसळते ते बघा. गोळी जास्त उसळली तर रबर उसळी मारणारं, कमी उंचीवर ‘ठप्प’ करून बसली तर मुरवून घेणारं. दोन्ही टायर एकतर रिमवर हवा भरलेले असावेत किंवा दोन्ही मोकळे असावेत, नाहीतर तुलना फसते. ही परीक्षा ढोबळ आहे, हे मान्य. पण पहिल्यांदा करून बघाल तेव्हा एकाच आकड्याच्या दोन रबरांमधला फरक कानाने ऐकू येईल, आणि तो नुसतं वाचून कळत नाही.

टायरवर छापलेला एखादा आकडा हे सगळं सांगत नाही का? माउंटन बाइकच्या काही टायरना कंपन्या ४२, ६० असा ड्युरोमीटरचा आकडा देतात. गाडीच्या टायरवर असा आकडा सहसा सापडत नाही. अमेरिकी प्रतवारीतला ‘ट्रेडवेअर’ आकडा असतो, ज्यात १०० हा पायाचा टायर धरलेला आहे. पण ती प्रतवारी प्रवासी गाड्यांच्या टायरची. खोल ट्रेडचे टायर त्यातून वगळलेले आहेत, म्हणून बऱ्याच मड टायरवर तो आकडाच नसतो. जिथे असतो तिथेही तो कंपनीनेच दिलेला असतो. एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांची करायला कच्चा.

तारीख बघितल्याशिवाय पैसे काढू नका

यावर मी सगळ्यात जास्त जोर देतो, कारण यातच माझे पैसे गेले आहेत.

काही वर्षांपूर्वी मी चार मड टायर घेतले. ठोकळ्यांवर साच्यातून निघालेले रबराचे बारीक केस जसेच्या तसे होते, रंग काळाभोर, वर झगझगीत पॉलिश. भाव चांगला लागला म्हणून मी खूश होतो. पहिल्याच पावसात एका ओल्या खडकाळ चढावर गाडी मागे घसरू लागली. त्याच चढावर माझ्यामागे मित्राची गाडी होती, त्याच मॉडेलचे, त्याच मापाचे टायर, आणि तो शांतपणे वर आला. घरी येऊन गेज लावलं. त्याचा ६३, माझा ७४. मग गाडीखाली सरपटत जाऊन साइडवॉलची आतली बाजू पुसली. टायर सात वर्षांपूर्वी बनलेले होते. सात वर्षं ते कुठल्यातरी गोदामात पडून होते. एक किलोमीटरही न चालता म्हातारे झाले होते.

रबर वापराविनाही जुनं होतं. हवेतला ऑक्सिजन त्याच्या साखळ्यांवर काम करत राहतो आणि रबर कडक होत जातं. मऊपणा देणारं तेल हळूहळू निघून जातं. ओझोन आणि उन्हामुळे बारीक भेगा पडतात. यापासून वाचवायला रबरात मेण आणि काही रसायनं घातलेली असतात. टायर चालत राहिला, लवत राहिला की ती पृष्ठभागावर येत राहतात. नुसता पडून राहिलेला टायर या संरक्षणाला मुकतो. साइडवॉलवर कधी कधी तपकिरी छटा दिसते ती याच रसायनांची असते. तिला बघून नाक मुरडायचं कारण नाही. मला तर पॉलिश मारलेल्या काळ्याभोर टायरपेक्षा तपकिरी टायर जास्त प्रामाणिक वाटतो.

तारीख वाचणं सोपं आहे. साइडवॉलवर डी-ओ-टी या तीन अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. चारऐवजी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे, तिथून निघून या. पूर्ण ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला असते. एका बाजूला ओळ अर्धवट दिसली आणि शेवटचे चार आकडे नाहीत, तर टायर उलटा करायला सांगा. लाजू नका. चारही टायरचे आकडे स्वतः वाचा, कारण तीन ताजे आणि एक जुना असंही होतं.

एक वर्षाच्या आतला टायर मी डोळे झाकून घेतो. दोन वर्षांपर्यंतचा नख लावून घेतो. तीन वर्षांच्या पुढचा मला कितीही सवलत दिली तरी नको. हा माझा स्वतःचा नियम आहे, कोणी सक्ती केलेली नाही. पण बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, आणि टायर कंपन्या दहा वर्षं ही शेवटची मर्यादा मानतात. त्या सहातली तीन दुकानातच गेली तर उरलेल्या तिनाचेच पैसे द्यायला हवेत.

किंमत नको, हिशेब मांडा

टायरचं मोल काढायचं तर किंमत भागिले वापरता येणारे मिलिमीटर, इथून सुरुवात करा. वापरता येणारे म्हणजे सगळे नाहीत. नव्या मड टायरची खाच साधारण १४ ते १६ मिलिमीटर खोल असते, साध्या रस्त्यावरच्या टायरची ८ च्या आसपास. अनेक देशांत कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो. पण मड टायर ६ मिलिमीटरवर आला की चिखलात त्याचं काम जवळपास संपलेलं असतं. ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले ते गुण वरच्या आठ-दहा मिलिमीटरांतच असतात.

दोन टायर समजा. पहिला कडक कंपाउंडचा, किंमत १०० धरू, खाच १६ मिलिमीटर, दर ४,००० किलोमीटरला १ मिलिमीटर झिजतो. सहावर टाकायचा म्हणजे १० मिलिमीटर हातात, एकूण ४०,००० किलोमीटर. दुसरा मऊ, किंमत ८५, खाच १४ मिलिमीटर, दर २,५०० किलोमीटरला १ मिलिमीटर. हातात ८ मिलिमीटर, एकूण २०,००० किलोमीटर. हजार किलोमीटरचा खर्च पहिल्याचा २.५, दुसऱ्याचा ४.२५. स्वस्तातला टायर जवळजवळ पावणेदोनपट महाग पडला. वर्षाला १५,००० किलोमीटर चालवणाऱ्याने दुसऱ्याकडे बघूही नये.

आता तोच हिशेब वर्षाला ४,००० किलोमीटर चालवणाऱ्यासाठी करा. कडक टायरला ४०,००० किलोमीटर पूर्ण करायला दहा वर्षं लागतील. पण सहा वर्षांत त्याचं रबर म्हातारं होईल आणि निम्म्याहून जास्त खोली शिल्लक असतानाच तो काढावा लागेल. म्हणजे १०० भागिले ६, वर्षाला साधारण १६.७. मऊ टायर पाच वर्षांत झिजून संपेल. ८५ भागिले ५, वर्षाला १७. फरक जवळजवळ नाहीच. आणि त्या पाच वर्षांत खडकावर आणि ओल्या रस्त्यावर पकड जास्त मिळाली ती वेगळीच. जो कमी चालवतो त्याला मऊ रबर महाग पडत नाही, कारण कडक टायरचं जे आयुष्य त्याने विकत घेतलं असतं ते त्याला वापरताच येत नाही. ‘मड टायर घ्यायचा तर टिकाऊच घ्या’ हा सरसकट सल्ला म्हणूनच मला पटत नाही.

वरचे झिजण्याचे वेग मी समजुतीसाठी घेतले आहेत. तुमच्याकडे आता जे टायर आहेत त्यांची खोली आज मोजा, हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा मोजा, म्हणजे तुमच्या रस्त्याचा आणि तुमच्या पायाचा अंदाज येईल.

बाकीच्या खुणा झटपट

वजन पेलण्याचा आकडा गाडीच्या मूळ टायरपेक्षा कमी नको. ११२ म्हणजे एका टायरवर १,१२० किलो, ११५ म्हणजे १,२१५, १२१ म्हणजे १,४५०. मड टायरवर वेगाचं अक्षर बहुतेक वेळा ‘क्यू’ असतं, म्हणजे ताशी १६० किलोमीटरची मर्यादा. लोड रेंजची अक्षरं सी, डी, ई ही अनुक्रमे ६, ८ आणि १० थरांच्या ताकदीची. थर प्रत्यक्षात तेवढे नसतात, हे ताकदीचं माप आहे. हलक्या गाडीला ई घालून फुशारकी मारण्यात अर्थ नाही. जास्तीचे पैसे द्याल, जास्तीचं वजन फिरवाल आणि साइडवॉलचा मऊपणा घालवून बसाल.

माप वाढवायचा मोह होतोच. ३१ इंचावरून ३३ वर गेलात तर घेर साडेसहा टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०६ च्या पुढे असेल, आणि गिअर तेवढेच जड होतील. रुंदीचं म्हणाल तर पातळ चिखलाखाली कडक जमीन असेल तर अरुंद टायर चिरत खाली जाऊन तिला टेकतो. खाली तळच नसेल तर रुंद टायर वर तरंगतो. तुमच्या वाटेवर यातलं काय आहे ते तुम्हालाच माहीत.

वापरलेले टायर घ्यायचे असतील तर

इथे खोलीपेक्षा आधी ठोकळ्याचं बूड बघा. ठोकळा जिथे टायरच्या अंगातून वर येतो त्या कोपऱ्यात भेगा आधी पडतात. ठोकळा अंगठ्याने बाजूला वाकवा, म्हणजे मिटलेली भेग उघडते. केसासारख्या एक-दोन भेगा वयाच्या, पण जाळं दिसलं तर सोडून द्या. ठोकळ्याची एक कड उंच आणि दुसरी बसलेली असेल तर चाकं वेळेवर अदलाबदल केलेली नाहीत, तो टायर कायम गुणगुणत राहणार. ठोकळ्यांचे तुकडे उडालेले असतील तर खडकावर चाक फिरवलेलं आहे. आतून हात फिरवा, साइडवॉलवर पॅच किंवा फुगवटा लागला तर भाव कितीही कमी असला तरी नको. आणि झिजलेल्या टायरवर गेजचा आकडा जास्त येतो हे विसरू नका. त्यापेक्षा खांद्यावरचा जाड ठोकळा मोजा.

बसवल्यानंतर

पहिले काहीशे किलोमीटर बेताने चालवा. साच्याचं द्रव्य ट्रेडवरून जाईपर्यंत ब्रेक आणि वळण दोन्हींत टायर जरा निसरडा लागतो. चाकांची अदलाबदल ५,००० ते ८,००० किलोमीटरच्या दरम्यान करा. मऊ रबर असेल तर ५,००० लाच. चिखलात उतरताना हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत आणली तर पकडीत जो फरक पडतो तो कंपाउंड बदलूनही पडत नाही. फक्त परत भरायचा पंप गाडीत असू द्या, आणि रिम टायरला पकडून ठेवणारा खास प्रकारचा नसेल तर १५ च्या खाली जाऊ नका. कमी हवेवर डांबरावर वेगाने पळवलं तर साइडवॉल आतून तापून जाते.

गाडी उभी राहणार असेल तर सावलीत ठेवा. काढून ठेवलेले टायर वेल्डिंग मशीन आणि मोठ्या मोटरींच्या खोलीत नकोत, तिथे ठिणगीमुळे ओझोन तयार होतो. तेल, डिझेल सांडलेल्या फरशीवर तर नकोतच.

आणि बसवल्या दिवशीच, सावलीत, पाच ठोकळ्यांचा मधला आकडा आणि खाचेची खोली गाडीतल्या वहीत तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच गेजने पुन्हा मोजा. खोली कमी झालेली दिसेलच. आकडा पाच-सहाने वर चढलेला असेल तर पुढच्या पावसात त्या ओल्या चढाला पहिल्यासारखं सामोरं जाऊ नका.